बापूसाहेबांची गार गाडी

गॅरेजमध्ये एक डबा असतो. उरलेले नट, बोल्ट, वायसर त्यात टाकायचे. मुद्दाम कुणी भरत नाही, पण तो भरतो, आणि एक दिवस उचलायला जावं तर उचलत नाही. किश्शांचंही तसंच. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत रहीमचाचांच्या गॅरेजात मी निम्मा जन्म काढला. सगळं सांगत बसलो तर तुमचा चहा गार होईल. म्हणून आज फक्त एका गाडीचं सांगतो.

बापूसाहेब अकलूजकडचे ऊसवाले. सोलापुरात बंगला बांधून राहिले होते. सत्तर सालानंतर कधीतरी त्यांनी मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली. आकाशी रंग, आणि लांबी अशी की आमच्या बोळात वळता वळायची नाही. तिच्यात एसी होता! त्या काळी आमच्याकडे गार म्हणजे माठ, नाहीतर आईसकांडी.

पहिल्याच उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला. बापूसाहेबांनी काय केलं? काचा वर ठेवल्या. काच खाली केली की गावाला कळणार, एसी गेला! दोन उन्हाळे तो माणूस भर दुपारी काचा लावून सोलापुरातून फिरला. आतून हात हलवायचा, हसायचासुद्धा.

आमच्या कोपऱ्यावरचा पानवाला गिऱ्हाइकांना दाखवायचा, "बगा, बापूसाहेबांचं त्वांड कसं लालबुंद झालंय. गार हवेत ऱ्हायलं की माणूस सफरचंदावानी हुतो!"

* * *

एका वैशाखात बापूसाहेब गॅरेजला आले. पायी! चाचांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "एक काम हाय. पण गाडी हितं आणायची न्हाय. तुमीच घरी या."

"क्यूं साहेब?"

"तुमच्या दारात बॉनेट उघडलं की अख्खी पेठ गोळा हुती."

घाई कशाची, तेही सांगितलं. त्यांची मुलगी सुमन. तिला माढ्याच्या एका मास्तराचं स्थळ आलं होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. आबा म्हणत त्यांना. स्थळं बघताना दोन घरांतून चहा न घेता उठून आलेला माणूस! ते रविवारी शेवटचा शब्द द्यायला येणार होते, आणि बापूसाहेबांनी पत्रात लिहून टाकलं होतं, 'स्टेशनावरून आपल्या गार गाडीतून यावे.'

"मग पत्र लिहा की दुसरं," मी म्हणालो.

"आता कसलं लिवतो! आबांनी ते पत्र साऱ्या माढ्याला वाचून दाखवलंय."

* * *

बंगल्यावर काम सुरू झालं. शेजारी विचारणारच, म्हणून बापूसाहेबांनी सांगून ठेवलं की मिस्त्री हॉर्न दुरुस्त करायला आलेत.

आता खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. आम्ही बॉनेटखाली कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडवायचो, आणि दर तासाला एकानं आत जाऊन हॉर्न वाजवायचा. तो हॉर्न काय साधा होता? मालगाडी आल्यासारखा!

तिसऱ्या दिवशी शेजारचे पेन्शनर काका हात जोडून कंपाउंडपाशी आले. "चाचा, हॉर्न पयल्या दिवशीच झकास वाजला की वो. आता किती दुरुस्त करताय?"

* * *

नवा कॉम्प्रेसर मुंबईहून पोत्यात बांधून आला. हमालानं विचारलं, एवढं जड काय हाय? बापूसाहेब म्हणाले, "गुळाची ढेप."

हे ऐकलं त्यांच्या आईनं. आक्का ऐंशीच्या पुढच्या, नजर अधू. त्यांनी पोतं कोठीच्या खोलीत ठेवून घेतलं, वर कडुलिंबाचा पाला पसरला आणि रविवारच्या पुरणासाठी गूळ काढायला बत्ता घेऊन बसल्या. टाण टाण आवाज ऐकून आम्ही धावलो!

आक्का घाम पुसत म्हणाल्या, "बापू, फसवलं रं तुला. ढेप लई जुनी हाय. पार लोखंड झालीया."

नशिबानं टवका उडाला तो फक्त बाहेरच्या रंगाचा.

* * *

खरी अडचण वेगळीच होती. आमच्यातल्या कुणालाच एसी येत नव्हता. इंजिन म्हणाल तर चाचा डोळे मिटून खोलायचे, पण गॅसचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. सुमनताईंनी ताक आणून दिलं, तांब्या खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "काका, हुईल ना वो रविवारपातूर?"

"हुईल की, बाळ," मी म्हणालो. तेव्हा जुना बेल्ट कसा काढायचा, हेसुद्धा आम्हाला उमगलं नव्हतं. पण त्या पोरीकडे बघून दुसरं काही बोलवेना.

मग चाचांनी व्यंकण्णाला आणलं. व्यंकण्णा विणकराच्या घरातला, पण मागावर न बसता आईसकांडीच्या कारखान्यात मिस्त्री झालेला. त्यानं बॉनेटमध्ये बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कांडीचंच मशीन हाय की हे! फक्त कांडीच्या जागी मानूस बसवायचा."

चाचांनी विचारलं, "गॅस हवा को ठंडा कैसे करता रे?"

"गार करत न्हाय, चाचा. आतली गरमी उचलतो अन् भाईर फेकतो."

चाचांनी दाढी खाजवली. "मतलब साहेब लोगां अंदर ठंडे, और उनकी गरमी हमारे सोलापूर पे? इसमें नया क्या है मियाँ! ये तो पहले से चालू है!"

* * *

शनिवारी कॉम्प्रेसर बसला. बेल्ट ताणला, तेल घातलं, नळ्या जोडल्या. व्यंकण्णानं कारखान्यातून पंप आणि गॅसची टाकी आणली होती. गळती बघायला साबणाचा फेस लागतो, तर बापूसाहेबांनी स्वतःचा दाढीचा ब्रश दिला. आम्ही प्रत्येक सांध्याला फेस लावला आणि डोळे फाडून बघत बसलो. बुडबुडा दिसला तो सुमनताईंना. "काका, त्या खालच्या नळीपाशी!" पाना घेऊन सांधा आवळला, बुडबुडे थांबले.

चाचांनी इंजिन चालू केलं, एसीचं बटण दाबलं. कॉम्प्रेसरनं टक् केलं. थोड्या वेळानं आतल्या जाळीतून गार हवा आली!

एकेकानं जाळीपुढं हात धरला. चाचांनी हात धरला, मग गाल धरला, मग नुसते डोळे मिटून बसले. शेवटी त्यांनी बटण बंद केलं आणि बापूसाहेबांना बजावलं, "साहेब, ये बटण. दबाये तो ठंडा, नै दबाये तो कुछ नै."

"कळतंय की मला," बापूसाहेब म्हणाले. "पण एक करा. हे कुणाला सांगू नका. आता दुरुस्त झाला म्हणलं, की दोन वर्षं बंद हुता हे कळंल."

म्हणजे बघा! एसी नव्हता तेव्हा गावभर गाजला, आणि आता खरंच आला तर त्याची वाच्यता नको! आमच्या गॅरेजचं सगळ्यात मोठं काम, आणि सोलापूरच्या हिशेबी आम्ही हॉर्न दुरुस्त केला.

* * *

रविवारी काही अडलं तर असावं, म्हणून चाचांना आणि मला बंगल्यावर थांबवलं होतं. दुपारी एकचा सुमार. कंपाउंडपाशी पेन्शनर काकांसकट आळी जमली होती. ओसरीवर माई, म्हणजे बापूसाहेबांच्या मंडळी, आणि दाराआड सुमनताई.

आकाशी गाडी आली. काचा वर. बापूसाहेब स्वतः चालवत होते, शेजारी आबा. काळा कोट, फेटा. बापूसाहेब आतून हात हलवत होते, हसत होते. दोन वर्षं हसत होते, तसंच.

मी पुढं होऊन आबांच्या बाजूचं दार उघडलं.

भट्टीचं झाकण काढावं तशी झळ माझ्या तोंडावर आली. मी आत बघितलं. बटण बंद होतं!

दोन उन्हाळ्यांची सवय. काचा लावायला हात आपोआप गेला होता, बटणाकडे गेलाच नव्हता. बापूसाहेबांनी माझी नजर कुठं आहे ते बघितलं, मग बटणाकडे बघितलं, आणि त्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. मागं चाचा पुटपुटले, "या अल्ला." सुमनताई दाराआडून उंबऱ्यावर आल्या.

आबा उतरले. फेट्याखालून घामाच्या धारा, कोट पाठीला चिकटलेला, तोंड सफरचंदासारखं. त्यांनी एकदा बापूसाहेबांकडे बघितलं. एकदा कंपाउंडपाशी जमलेल्या आळीकडे बघितलं. पेन्शनर काका मान लांब करून विचारत होते, "काय आबा, कशी काय हाय गाडी?"

आबांनी कोटाची वरची दोन बटणं लावली.

"माई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरात एखादी शाल असली तर द्या की जरा. लई गारठलो बगा!"

माईंनी ट्रंकेतली लोकरीची शाल आणली. डांबरगोळ्यांचा वास ओसरीभर पसरला. आबांनी ती गळ्यापर्यंत लपेटून घेतली, खुर्चीत बसले, सुमनताईंच्या हातचा कडक चहा बशीत ओतून दोन कप प्यायले, आणि म्हणाले,

"बापूसाहेब, तारीख काढा."