कुत्रीच्या वाटणीचं गवत

कुत्री गवत का खातात, याचं उत्तर आमच्या सोसायटीत कुत्रं न पाळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एक म्हणणार, जंत झालेत. दुसरी म्हणणार, पाऊस येणार. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तर मला जिन्यात अडवून विचारायचे, "काय हो, घरी जेवायला घालत नाही का तिला?" तेव्हा मी हसायचे. आता हसत नाही.

आमची कुत्री गावठी, तांबूस. खडवलीला नदीवर गेलो होतो तेव्हा गाडीखाली अंग चोरून बसलेलं पिल्लू होतं, ते आमच्याबरोबरच घरी आलं. कोपरच्या आमच्या बिल्डिंगमागे मोकळ्या जागेचा एक पट्टा होता आणि त्यात हरळी माजलेली असायची. रोज सकाळी ती तिथे नाक खुपसून कोवळी पाती निवडायची आणि डोळे अर्धे मिटून चावत बसायची. गणपतीत निम्मी बिल्डिंग तिथूनच दूर्वा खुडायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एकदा ती तिथे ओकली. पिवळा फेस आणि चार पाती, बस. सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कुत्री आजारी आहे. इथे लहान मुलं खेळतात." जिन्याच्या कोपऱ्यात गुटखा थुंकणाऱ्यांचा फोटो या गृहस्थांनी आजवर काढलेला नाही.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. कुत्री ठणठणीत होती. डॉक्टर म्हणाले, "अहो, बहुतेक कुत्री गवत खातात, ओकतात त्यातली थोडी. जुनी सवय असेल, चव आवडत असेल. नक्की का खातात ते कुणालाच सांगता येत नाही." हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं ओकली कुत्री आणि खणून काढलं गवत. फरशी घातली आणि तिच्यावर हिरवंगार प्लास्टिकचं लॉन अंथरलं. लोक त्यावर उभं राहून सेल्फी काढायला लागले.

कुत्रीला काय कळणार? जागा तीच, रंग तोच. मी पट्टा ओढायचे, ती पुन्हा त्याच कोपऱ्याकडे. माझी नजर चुकवून तिने किती गिळलं कोण जाणे. एक दिवस पोट फुगलं आणि प्यायलेलं पाणीही टिकेना. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये आतड्यातून काढलेला हिरव्या दोऱ्यांचा गुंता दाखवला. "जगेल का, ते उद्या सांगतो," म्हणाले. तो ट्रे तसाच उचलून सेक्रेटरींच्या टीपॉयवर पालथा घालावा, इतका संताप मला आला होता. गेले नाही, कारण तिला सोडून हलवेना.

जगली. टाके घेऊन घरी आली. सेक्रेटरी लिफ्टपाशी भेटले तर मलाच म्हणतात, "वहिनी, तिच्या तोंडाला जाळी बांधा. लॉन खराब झालंय." चोराच्या उलट्या बोंबा! त्याच दिवशी मी रुळांपलीकडच्या माळावरून हरळी मुळासकट उपटून आणली आणि गॅलरीत मोठ्या कुंडीत लावली. बघता बघता कुंडी भरली. कुत्री सकाळी उठली की पहिली तिथे.

गणेश चतुर्थीला सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, सोवळं नेसलेले, हातात रिकामं तबक.

"वहिनी, गुरुजी येऊन बसलेत आणि दूर्वा आणायच्याच राहिल्या. तुमच्या गॅलरीत आहेत म्हणे."

कुत्री माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. तिच्या पोटावरचे केस अजून नीट आले नव्हते.

"खाली एवढं गवत अंथरलंय तुम्ही," मी म्हणाले. "तिथलं घ्या की."

ते कसनुसं हसले. "काय वहिनी, थट्टा करता. प्लास्टिकचं देवाला कसं चालेल?"

देवाला चालत नाही, हे या माणसाला कुणी न सांगता कळत होतं. माझ्या कुत्रीला चालत नाही हे दिसायला तिचं पोट चिरावं लागलं, आणि तरी ते यांना दिसलं नव्हतं.

दूर्वा मी दिल्या. बाप्पाशी माझं भांडण नाही. पण त्यांना तबकासकट दारात उभं ठेवलं, कुत्रीला कुंडीपाशी नेलं आणि तिचं मनासारखं खाऊन होईपर्यंत एकाही पात्याला हात लावला नाही. खालून गुरुजी हाका मारत होते.