पेपरला न आलेलं कंकोळ

भूकंपानंतर लातुरात लोकांना आपल्याच स्लॅबची धास्ती बसली होती. ज्यांच्याकडे अंगण होतं त्यांनी त्यात पत्र्याचं शेड ठोकलं आणि घर सोडून सगळे तिथं झोपू लागले. भीती ओसरल्यावर माणसं घरात परतली आणि शेडात आम्ही आलो, म्हणजे डॉक्टर होण्यासाठी गावोगावहून आणून सोडलेली पोरं.

मी लोह्याकडच्या खेड्यातला, कॉलेजचं तोंड पाहणारा घरातला पहिला. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि क्लासच्या पोरांमुळे लातुरात एकही खोली रिकामी नव्हती. म्हणून घरमालकांची एकमेव अट आम्ही जिवापाड पाळायचो: आवारात अंडंसुद्धा आलेलं चालणार नाही. घरमालकांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर विभूती, बाजारात मसाल्याचं दुकान, आणि नाक असं की शेजारणीची फोडणी करपली तर तिच्या आधी यांना कळायचं.

अट मोडली माझ्या रूम पार्टनरने. हा कंधारचा. बसस्टँडजवळ एका चाचांच्या गाड्यावर तळलेलं चिकन मिळायचं आणि त्याचा मसाला चाचा कुणालाही सांगत नसत. "पूछना नहीं बेटा, घर की बात है," एवढंच म्हणत. त्या काळी प्रत्येक क्लासच्या नोट्सही गुप्तच असत, फक्त फी भरली की मिळत. चाचांचं गुपित फी देऊनही मिळेना, म्हणून पार्टनर हट्टाला पेटला. एका रविवारी तो एक तुकडा कागदात गुंडाळून खोलीवर घेऊन आला.

"खायाला न्हाई," तो म्हणाला, "अभ्यासाला."

आम्ही वरचं कुरकुरीत आवरण सोलून पेपरवर पसरलं आणि क्लासमध्ये शिकवलेली पद्धत लावली. ती पद्धत अशी, की उत्तर शोधत बसायचं नाही, चुकीचे पर्याय खोडायचे.

"लवंग पक्की. आयएमपी हाय."

"दालचिनी?"

"कालच मेसच्या कुर्म्यात आली होती. लागोपाठ दोनदा येत न्हाई."

जिभेच्या मागं काहीतरी गार, कडसर रेंगाळत होतं. ते सिलॅबसबाहेरचं म्हणून पार्टनरने सोडून दिलं.

"काय करायलात रे?"

शेडाला दाराऐवजी पडदा होता. तो बाजूला सारून आप्पा उभे होते.

"अभ्यास, आप्पा," मी म्हणालो.

ते पेपरवर वाकले. माझी ट्रंक रस्त्यावर आलेली मला दिसू लागली. आप्पांनी मात्र डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"धणे. शहाजिरं. दगडफूल. लवंग जराशी जास्त झाली ह्या खेपेला. आन् कंकोळ."

"कंकोळ?"

"पानात घालतेत ते. शेपटीचं मिरं. अख्ख्या लातुरात माझ्याशिवाय कुणाकडं..." आणि ते थांबले.

वर्गात कधीच वेळेवर उत्तर न देणाऱ्या पार्टनरला हे उत्तर चटकन आलं. "म्हंजे चाचांचा मसाला तुमच्या दुकानचा?"

"मसाला शाकाहारीच असतो," आप्पा म्हणाले. "पुढं त्याचं कोण काय करतंय, ते आपण बघू नये."

"मग आमचंबी पुढलंच हाय की, आप्पा."

"जास्त शाना होऊ नको. सामान बांधा."

एवढं बोलूनही ते हलले नाहीत. घराकडे नजर टाकली. आत काकूंची पूजा चालू होती. मग आवाज उतरवून म्हणाले, "मीठ त्यो घालतो. जमतंय का त्याला?"

खोली राहणार की जाणार, ते आता या तोंडी परीक्षेवर होतं. मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे, आप्पा. पण लवंग पुढे पुढे करते. कंकोळ आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही."

आप्पा दुखावले. कितीतरी वर्षं हा माणूस मसाला जुळवत होता आणि चिकनवर तो कसा लागतो, हे त्याने फक्त चाचांच्या तोंडून ऐकलं होतं.

"कमी करतो लवंग," ते म्हणाले. "खाऊन सांगा."

सामान बांधायचा विषय तिथंच मिटला. नवे नियम ठरले. दर रविवारी गाड्यावरच खायचं, मागच्या बोळातून यायचं, वासाचा शर्ट बाहेरच काढून ठेवायचा आणि दुकानात येऊन चव सांगायची. "तुमच्या काकूला कळलं, तर मी तुम्हाला वळखत न्हाई," असं आप्पांनी बजावलं.

त्या सोवळ्या आवारात आम्ही परीक्षेपर्यंत राहिलो ते चिकन खाण्याच्या अटीवर. माझा निवारा टिकला म्हणून आप्पांचे उपकार मी आजही मानतो, आणि ते मानताना हसू आवरत नाही.

परीक्षेआधी वडील भेटायला आले. आप्पांपुढे हात जोडून म्हणाले, "तुमच्यासारख्या पवित्र घरात ऱ्हायलं, म्हणून पोरगं वाया गेलं न्हाई."

"लेकरंच गुणाची हायत," आप्पा गंभीरपणे म्हणाले. वडील चप्पल घालायला वाकले तसे ते माझ्याकडे सरकले आणि कानाशी पुटपुटले, "ह्या रविवारचं सांगितलं न्हाईस अजून."