दोन्ही आकडे मर्यादेत

पंखा बंद केला एवढंच निमित्त. वेल्डरने फेकलेलं स्टूल बायकोच्या कानशिलाला चाटून कपाटाच्या काचेवर आदळलं.

ती कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. नवरा पहिल्यापासूनच तापट, पण त्या वर्षी त्याने कहर केला. धाकट्या भावाचे दात पाडले, लाथ घालून दार मोडलं. बकाबका खायचा आणि तरी वाळत चालला होता. हात सतत थरथरायचे.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. टीएसएच जवळजवळ शून्य.

"म्हणजे थायरॉइड कमी पडतंय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"उलट आहे, आजी. टीएसएच हा मेंदूचा हुकूम. गळ्यातली ग्रंथी बेफाम सुटली की मेंदू हुकूम देणंच थांबवतो. हा ग्रंथीतून सुटणारा टी-फोर बघा, मर्यादेच्या दुप्पट."

सासूबाईंनी हुश्श केलं. "बघितलंस? माझं पोर वाईट नाही. रक्तच पेटलंय त्याचं."

गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या तपासणीत टी-फोर ठिकाणावर आला, टीएसएच मात्र तळाशीच. तो मागाहून सावकाश चढतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याच आठवड्यात त्याने बायकोचं मनगट पिरगाळून मोडलं.

"अजून एक आकडा खाली आहे गं," सासूबाई म्हणाल्या. तिने तेही गिळलं.

अखेर दोन्ही आकडे मर्यादेत आले. थरथर गेली, अंगावर मांस चढलं. रिपोर्ट हाती आला त्याच संध्याकाळी जेवण गार आहे म्हणून त्याने तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. हात अगदी स्थिर होता.

डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी शेजारी तापत ठेवलेली इस्त्री तिच्या हाताला लागली. तिने ती त्याच्या दंडावर दाबली. कातडी चरचरली.

"आई, आवर हिला!" तो गुरासारखा ओरडला.

"सासूबाई, आता कोणता आकडा खाली आहे?" तिने विचारलं. कानातून रक्त गळत होतं.

ती तशीच अनवाणी पोलीस चौकीत गेली.

कोर्टात नवऱ्याच्या वकिलाने जुना रिपोर्ट पुढे केला. अशील आजारी होता, म्हणाला. तेव्हा सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तो बरा होता, साहेब," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या.

त्याला तुरुंगवास झाला. तिला एका कानाने ऐकू येत नाही. सासू-सुना आता एकत्र राहतात, फारसं बोलत नाहीत.