बी कोण देणार?

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर मी सौसरच्या गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा अरुणच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला. "काका, बाबा गेले..." एवढंच ती बोलू शकली. माझ्या हातात ठिबकच्या नळीचं भेंडोळं होतं. ते खाली ठेवावं की धरून राहावं, हेही सुचेना. गाडी आली, भरली, निघून गेली. सकाळीच अरुणशी बोललो होतो. "गुरुवारी ये, पाळीची नावं टाइप करून टाकू," म्हणाला होता. त्याला आता दोन महिने होत आले.

अरुण माझा शाळेपासूनचा मित्र. सौसरला तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, आणि बोरगावच्या रस्त्याला माझ्या बागेला लागूनच त्याचीही संत्र्याची बाग होती. हिवाळ्यात आम्ही पाणी तोडून झाडांना ताण देतो आणि मग पहिलं पाणी सोडतो. ते येतं तलावाच्या एकाच लाइनीतून, आणि बागा तेवीस. ज्याला पाणी आधी, त्याचा बहार आधी, त्यामुळे पाळीवरून दरवर्षी तोंडं फुगायची. चिठ्ठ्या टाकल्या तर चिठ्ठ्या दुमडणाऱ्यावरच संशय. शेवटी अरुण म्हणाला, "मशीनच्या हाती देऊन टाकू ना बा. तिले ना भाऊ, ना साळा." सी भाषेसोबत तयार फंक्शनांचा एक संच आयताच मिळतो, त्यातलं 'रँड' नावाचं फंक्शन मनात येईल तो आकडा काढून देतं, असं त्यानं आम्हाला समजावलं होतं. पहिल्या वर्षी यादी निघाली. सगळ्यात वर त्याचा साळा गजानन, आणि मी बाविसावा. नशीब म्हटलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या वर्षी त्यानं सगळ्यांसमोर बटण दाबलं आणि तीच यादी आली. वरपासून खालपर्यंत तीच! मीच तोंड उघडलं... आज लिहितानाही लाज वाटते. "काऊन बे अरुण्या, तुह्या मशीनलेही साळा हाय वाटते?" सगळे हसले. अरुण हसला नाही. त्यानं मॉनिटरवर फडकं टाकलं आणि उठून गेला. त्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या झाल्या, आणि गावात त्याच्या नावाला जो डाग लागायचा तो लागलाच.

आठ दिवस क्लास बंद होता. नवव्या दिवशी तो माझ्या बागेत आला. चहा घेतला नाही. दोन बागांमधल्या धुऱ्यावर उभ्यानंच म्हणाला, "चूक माहीच होती. मशीन मनानं आकडे काढत नाही, गणित करून काढते. दिसतात वेडेवाकडे, पण गणितच असते. तिले सुरुवातीले एक आकडा द्या लागते. त्याले सीड म्हणतात, म्हणजे बी. मी देल्लंच नाही. न देल्लं त ते आपसूक एक धरते. बी तेच, त पीक तेच."

"अस्सं होय," मी म्हणालो. 'माझं चुकलं' हे शब्द अगदी ओठावर आले होते. मी ते गिळून टाकले, आणि पुढे बारा वर्षं गिळतच राहिलो.

तिसऱ्या वर्षी त्यानं बैठकीत माझ्याकडे बोट दाखवलं. "बी सुधाकर देईन. सगळ्यात जास्त शंका त्यालेच हाय." मी आकडा सांगितला. त्यानं तो कागदावर लिहिला. खाली देणाऱ्याची सही, त्याखाली 'तपासलं' म्हणून आणखी एकाची. "कोणालेही वाटलं त हाच आकडा घालून पाहा. हीच यादी नाही आली त माहं नाव बदलून टाका." ज्या गुणापायी तो चोर ठरला होता, तोच गुण त्यानं साक्षीला उभा केला. मग दरवर्षी मी बी देत गेलो. कधी बसचा नंबर, कधी माझं वजन, एकदा चपलेचं माप. ज्या वर्षी माझी पाळी पहिली आली, त्या वर्षी तो महिनाभर चिडवत होता, "सुध्याचं बी उगवलं बरं!"

परवा त्याच्या क्लासच्या खोलीत बैठक झाली. पल्लवी नागपूरहून आली होती. "बाबांच्याच मशीनवर चालवू, काका," ती म्हणाली, "नव्यावर तोच आकडा देऊनही यादी वेगळी येऊ शकते." मग तिनं विचारलं, "बी कोण देणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. वेळ काढायला म्हणून मी खिळ्यावरची, दरवर्षीच्या सहीच्या कागदांची फाइल उतरवली. सगळ्यात खाली, कधीतरी मागाहून लिहिलेला, त्या पहिल्या यादीचा कागद होता. आकडा: १. देणारा: कोणी नाही, चूक माझी. आणि 'तपासलं' पुढची जागा कोरी.

"पोरी, आधी एक घालून पाहा."

तिनं आकडा घातला, त्या वर्षी दिलेली नावं त्याच क्रमानं घातली. वर गजानन. बाविसावा मी. सगळी नावं जागच्या जागी.

"अरुणनं काहीच केलं नव्हतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "मी त्याले चोर ठरवलं, अन् माफी मांगतली नाही." गजाननच जवळ बसला होता. त्यानं खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला.

मी त्या कोऱ्या जागी सही केली. तारीख मात्र आजचीच टाकली. मागची टाकलेली अरुणला चालली नसती.