आकाशातल्या दगडाचे वाटे

वराळ्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आम्ही बायका चपात्या लाटतो. हात कणकेत आणि तोंड मोकळं, त्यामुळे किस्से साचतच जातात. यंदाचे सगळे किस्से एका दगडाचे. सांगायला लागले की आधी हसू येतं, मग येत नाही.

*

आमच्यातली सखूमावशी टाकव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीची. उन्हाळ्यात भर दुपारी तिच्या वाडीच्या गायरानात आकाशातून दगड पडला. गुरं उधळली, कुणाला लागलं नाही.

माझ्या शेजारी लाटणारी कमल म्हणाली, "हितं पडला असता तर प्लॉटिंगवाल्यानं 'स्टार व्ह्यू'चा बोर्ड लावला असता."

*

सेफ्टीच्या साहेबांनी मावशीला विचारलं, "तिथं हेल्मेट घातलेलं कुणी होतं का?"

"गाय हुती, सायब. शिंगात बसत न्हाई."

*

वाडीची रीत अशी, की रानात मध सापडो नाहीतर मासे, घरटी सारखे वाटे. दगडही घणानं फोडून वाटला. पावसाळ्यानंतर पुण्याहून दगड तपासायला कॉलेजातले सर आले, ते ऐकून मटकन खालीच बसले.

"अहो, अख्खा हवा होता!"

वाडीतले सगळ्यात म्हातारे आबा म्हणाले, "अख्खा एकाला कसा द्येयाचा?"

शेवटी सरांनी रविवारी सगळे तुकडे जमवायला सांगितले.

*

"मावशे, तुजा वाटा कुटंय?" कमलनं चिडवलं.

मावशीचं लाटणं थांबलं. "मालक गेल्यावर दार लावून खाली आले, ती परत गेलेच न्हाई. लावल्या दाराला कोन वाटा देतंय? वाडीनं कवाच सोडलं आसंल मला."



*

रविवारी कमल आणि मी मावशीला बळेच वर घेऊन गेलो. ती लांब झाडाखालीच उभी राहिली. सरांनी ओट्यावर पेपर पसरून तुकडे जुळवले. दगड जवळजवळ पुरा झाला. मधेच मुठीएवढी जागा रिकामी राहिली.

"एक तुकडा कमी आहे."

"त्यो सखूचा," आबा म्हणाले. "दार बंद हुतं, म्हनून खिडकीतनं आत ठिवलाय. म्हनलं, आली की घील."

मावशीनं घराकडं पाहिलं. पावसात ते पार बसलं होतं. कौलं, माती, वासे, सगळा एकच ढीग.

ती त्या ढिगाशी जाऊन बसली आणि एकेक कौल उचलून बाजूला ठेवू लागली. आम्हीही हात लावला. बऱ्याच वेळानं सरांनी घड्याळ पाहिलं.

"राहू द्या, मावशी. एका तुकड्यानं काही अडत नाही."

मावशीनं मान वर केली नाही.

"तुमचं न्हाई अडत, सायब."