घाणेरीच्या कुंपणाआड

मांडवगण फराट्याच्या एका वस्तीवर सुभानभाई शेखांचं शिलाईचं दुकान होतं. माणूस हाताचा कसबी, पण काळजाचा भित्रा. वीज कडाडली की मशीन सोडून खाटेवर पाय घेऊन बसायचे, विहिरीत कधी वाकून बघायचे नाहीत. वाटेत कुत्रं गुरगुरलं तर लांबच्या पांदीनं घरी यायचे. लोक हसायचे, तेही हसायचे.

तळ्याकाठच्या बागेत ते ओढले गेले ते बायको हुसेनबीमुळं. पाझर तलावाच्या कडेला वेड्या बाभळी माजल्या होत्या. अंगणवाडीच्या प्रतिभाताई आणि मेंढरं विकून शेतीला लागलेले आबा ठोंबरे यांनी ती जागा साफ करायला घेतली, तेव्हा हुसेनबी पहिल्याच रविवारी खुरपं घेऊन गेली. मागोमाग सुभानभाई. करंज, कडुनिंब, बांबू लागले. गुरं आत शिरू नयेत म्हणून कडेची घाणेरीची दाट झुडपं तशीच कुंपणाला ठेवली. पुढं दुष्काळ पडला, तळं आटलं, तेव्हा हुसेनबीनं लांबच्या बोअरवरून हंडे वाहून रोपं जगवली. पाऊस आला, झाडं डोक्यावर गेली. म्हातारी माणसं संध्याकाळी तिथं टेकायला येऊ लागली.

मग बागेपलीकडच्या उसात बिबट्या आल्याचं लोक बोलू लागले. निमोण्याच्या बाजूला शेळी गेली, इनामगावच्या रस्त्याला कुणाचं तरी कुत्रं गेलं. सुभानभाईंची झोप उडाली. "बागेत जायचं बंद कर," ते बायकोला म्हणाले. तिनं ऐकलं नाही. नवी रोपं सुकत होती.

त्या दिवशी ऊन कलत होतं. हुसेनबी तळ्याच्या कडेला उकिडवी बसून हंडा बुचकळत होती. सुभानभाई झारी घेऊन करंजाशी उभे होते. घाणेरीत वाऱ्याशिवाय पानं हलली. मग त्यांना कान दिसले, कानांखाली डोळे. जनावर जमिनीला पोट टेकून बसलं होतं आणि हुसेनबीच्या पाठीकडं एकटक बघत होतं.

बसलेलं माणूस बिबट्याला वासरागत वाटतं, असं आबा म्हणाले होते. तिला उभं करायला हवं होतं, पण तिला एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि तोच कान त्यांच्याकडं होता. हाक मारायला गेले तर घशातून नुसती हवा आली. पाय घराकडं वळले होते. वळलेलेच होते. तरी ते उलटे कसे फिरले, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ते बिबट्या आणि बायको यांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि हातातली पत्र्याची झारी दगडावर आपटू लागले. तोटी तुटून पडली, तरी आपटतच राहिले.

हुसेनबी दचकून उठली. "क्या हुआ जी?"

घाणेरी एकदा जोरात हलली आणि उसाकडं काहीतरी पिवळं सरकत गेलं. सुभानभाई मटकन खाली बसले. त्यांचं धोतर भिजलं होतं. हुसेनबीनं हंडा त्यांच्या अंगावर रिकामा केला आणि ओल्या कपड्यांनिशी त्यांना घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं सगळे जमले. बाग जाळून टाका, असं बरेच जण म्हणत होते. प्रतिभाताईंनी आशेनं सुभानभाईंकडं पाहिलं.

"तोडा," सुभानभाई म्हणाले. "समदी तोडा. म्या बघितलंय त्याला."

हुसेनबी बायकांतून पुढं आली. "आन् मग? त्यो उसात राहतोय. ऊस तोडणार हाय का कोण? म्या हंड्यानं जगवल्यात ती झाडं. न्हाई तोडू द्यायची."

शेवटी आबा म्हणाले, "झाडाला हात लावू नगा. घाणेरी काढा. त्येच्यात लपायला जागा हाय. गुरांसाठी तारा लावू."

मग कोयते, कुदळी घेऊन गावातली माणसं दिवस-दिवस घाणेरी उपटत राहिली. सुभानभाईही होते, पण सगळ्यांच्या मधोमध. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात काही अडकलं नाही. एकट्यानं तळ्यावर जायचं नाही, अंधार पडायच्या आत परतायचं, असं ठरलं आणि लोकांनी ते पाळलं.

बाग राहिली. सुभानभाईंची भीती मात्र गेली नाही, उलट वाढली. दुकानात मशीन चालवताना मागं कुणी आलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. तरी हुसेनबी पाण्याला निघाली की ते दुकानाला कडी घालून तिच्यासोबत जायचे. ती खाली बसून हंडा भरायची. ते काठी धरून, तिच्याकडं पाठ करून उभे राहायचे. ओठ पुटपुटत असायचे आणि नजर उसावर असायची.

"आता न्हाई येत त्यो," एकदा आबा म्हणाले.

"तुमास्नी काय म्हाईत?" सुभानभाई म्हणाले आणि उसावरची नजर काढली नाही.