बुवांच्या उतारवयातली बारा गाणी

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. चार माणसे एका कामासाठी वर्षभर एकत्र बसली की ते फडताळातल्या रद्दीसारखे आपोआप साचतात. आणि ज्याच्याजवळ जास्त साचतात, तो बहुधा बैठकीत सर्वांत कमी बोललेला असतो. आमच्या समितीत तो मी होतो.

समिती गोविंदबुवांच्या गाण्यांची. बुवा ग्वाल्हेर दरबारचे गवई. संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले, दरबार उठला. बुवा गातच राहिले. त्या वर्षांतल्या त्यांच्या मैफलींच्या तबकड्या सरकारी खात्याने करून ठेवल्या होत्या. त्यांतली उत्तम बारा गाणी निवडून सहा रेकॉर्डींचा संच काढायचा, असे ठरले. पूर्वीचे दरबारी अंमलदार तात्यासाहेब, खात्याचे सक्सेनासाहेब, आणि चिटणीस म्हणून मी, शाळेतला संस्कृतचा मास्तर. बैठक ग्वाल्हेरच्या नई सडकेवर, तात्यासाहेबांच्या माडीवर.

बुवांची अट एकच. संच त्यांच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे.

"मेल्यावर लोक निवडतात," ते म्हणाले. "पण मेलेल्याला कोणी विचारत नाही, की बाबा रे, हे तुझंच ना?"

बुवांना दमा होता. जवळच्या मुरार गावच्या डॉक्टरांनी गाणे बंद केले होते. घाई कोणाला होती, हे सांगायला नको.

•

पहिले पाच महिने आम्ही एकही गाणे ऐकले नाही.

मध्य भारताची राजधानी तेव्हा सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला. दफ्तर गाडीत भरून जाई, गाडीत भरून येई. तबकड्याही दफ्तरातच गणल्या जात. पेट्यांना सील, आणि सील सक्सेनासाहेबांखेरीज कोणी तोडायचे नाही. आम्ही अर्ज केला तेव्हा पेट्या ग्वाल्हेरला होत्या आणि साहेब इंदूरला. साहेब ग्वाल्हेरला आले, तेव्हा पेट्या इंदूरला पोहोचल्या होत्या.

बुवांनी हे शांतपणे ऐकले.

"मास्तर, माझं गाणं माझ्यापेक्षा जास्त फिरतंय," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, परत ये. म्हातारा वाट बघतोय!"

•

अखेर पेट्या उघडल्या. तात्यासाहेबांनी लगेच मोडता घातला. बुवांच्या तरुणपणीच्या दोन जुन्या रेकॉर्डी त्यांच्या घरी होत्या. त्या संचात घ्याव्यात, असा त्यांचा आग्रह.

"बुवा, लोकांना तो आवाज हवाय. काय धार होती! आत्ताचं म्हणजे... राग नका मानू..."

"मानतो," बुवा म्हणाले. "तेव्हा आवाज गात होता, तात्यासाहेब. मी गायला लागलो साठीनंतर."

तात्यासाहेबांनी रेकॉर्डी परत कपाटात ठेवल्या. पुढच्या दोन बैठका ते बुवांशी बोलले नाहीत. चहा मात्र दोन्ही वेळा आधी बुवांनाच दिला. सभ्य माणसाचा राग असाच असावा.

•

रेकॉर्डच्या एका बाजूला साडेतीन मिनिटे. त्यात ख्याल मावत नाही, हे बुवांना मान्य होते. पण हमीर रागाची एक सुरेख तबकडी समेच्या एक मात्रा आधी संपत होती. बुवांनी ती बाजूला सारली.

"एक मात्रा से क्या फर्क पडता है, बुवासाहब?" सक्सेनासाहेब वैतागले. "पूरा गाना तो है!"

"आपण अर्जावर सही करताना शेवटचं अक्षर गाळता का?"

"वो तो दस्तखत है!"

"हेही तेच आहे."

हमीर गेला. मला तो फार आवडत असे. तरी यादीत मी तो नाकारलेल्यांत लिहिला, कारण बुवा खरे बोलत होते.

•

एकच बैठक मोडायच्या बेताला आली होती. एका बंदिशीत महाराजांच्या नावाची ओळ होती. सक्सेनासाहेबांनी खाली पाहत सुचवले की काळ बदलला आहे, वरचे लोक काय म्हणतील सांगता येत नाही. ती तबकडी वगळून दुसरी घ्यावी.

तात्यासाहेब ताडकन उठले. साहेबही उठले. बुवांना धाप लागली होती, म्हणून त्यांनी नुसता हात वर केला. दोघे थांबले.

"नवं राज्य आलं म्हणून जुनं मीठ अळणी होत नाही, साहेब. उद्या तुमच्या राज्याचं मीठ खाल्लं, तर त्याचंही नाव घेईन."

साहेब खाली बसले आणि मला म्हणाले, "लिख लीजिए, मास्टरसाहब. जैसा है वैसा."

मी त्या माणसाला तोवर भित्रा समजत होतो. माणसाची परीक्षा आपण फार लवकर करतो.

•

आणि आता शेवटची बैठक.

मध्य भारत मोडून नवे मोठे राज्य होणार, राजधानी भोपाळ, हे नक्की झाले होते. सोमवारी पेट्यांना खिळे ठोकून त्या कायमच्या जाणार होत्या. त्याआधी बुवांच्या सहीची यादी हवी. अकरा गाणी ठरली होती. बाराव्यासाठी सर्वांच्या मनात एकच तबकडी होती: भूप, बुवांनी सत्तरीत गायलेला. त्याच्या उत्तरार्धात तार षड्ज असा लागतो, की तात्यासाहेब दर वेळी डोळे पुसत. "सत्तरीत हा दम! ईश्वरी देणं!"

त्या दिवशी बुवांच्या मागे त्यांचा शिष्य सदाशिव बसला होता. चाळिशीचा, मुरारला शाळेत शिकवणारा, बावीस वर्षे बुवांचा तंबोरा धरणारा. मैफलीत गुरूचा दम संपला की मागे बसलेला शिष्य तो स्वर उचलून धरतो. यात लबाडी नाही, ती सेवा आहे. पण यंत्राला पुढचा कोण आणि मागचा कोण, हे कळत नाही.

तबकडी संपली. तात्यासाहेबांनी रुमाल काढला. मी लेखणी उचलली.

"लिहू नका," बुवा म्हणाले. "उत्तरार्ध माझा नाही. सदाशिवचा आहे."

मी लेखणी खाली ठेवली. खालून टांग्याच्या घंटेचा आवाज येत होता.

"नाही, बुवा," सदाशिव हळू म्हणाला. "तो आपलाच स्वर आहे."

"माझ्या छातीला ठाऊक आहे तो कुणाचा."

"आपलाच आहे."

सक्सेनासाहेब दोघांकडे पाळीपाळीने पाहत होते. "देखिए, मंजुरी बुवासाहब के नाम की है. नाम बदला, तो पूरी फाईल नई बनेगी. भोपाल से. साल लग जाएगा, दो साल भी." ते थांबले. बुवांच्या छातीतली घरघर सर्वांना ऐकू येत होती. "शिष्य खुद कह रहा है. आप दस्तखत कर दीजिए."

बुवा मागे वळले. "सदाशिव, तो षड्ज आत्ता लाव."

सदाशिवने तंबोरा छेडला, डोळे मिटले आणि षड्ज लावला. अर्ध्यावर स्वर चिरकला आणि खाली घसरला.

"पाहिलंत?" तात्यासाहेब सुटकेने म्हणाले. "ह्याला कुठून जमणार! बुवा, करा सही."

बावीस वर्षांत सदाशिव बेसूर झालेला मी ऐकला नव्हता. खोटे बोलणे पाप आहे, असे मी मुलांना रोज शिकवीत असे. त्या क्षणी मी मान खाली घातली.

बुवा उठले. भिंतीला धरून, दोन ठिकाणी थांबून, ते सदाशिवच्या मागे गेले आणि सतरंजीवर बसले. त्यांनी त्याच्या हातातून तंबोरा काढून आपल्या खांद्याला लावला. सदाशिव एकदम उठू लागला. गुरूकडे पाठ करून कोण बसेल!

"बस," बुवा म्हणाले. "समोर बघ."

ते जोडीच्या तारा जुळवू लागले. बराच वेळ जुळवीत होते. मग चारी तारा एकजीव बोलू लागल्या. सदाशिवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते त्याने पुसले नाही.

"आता लाव."

त्याने लावला.

तात्यासाहेबांचा रुमाल हातातच राहिला. षड्ज सरला, तरी तंबोरा चालूच होता. सक्सेनासाहेबांनी यादी स्वतःकडे ओढली, लेखणीचे टोपण काढले, आणि विचारले,

"बारहवें पर... नाम किसका लिखूँ?"

बुवांनी तारेवरचे बोट काढले नाही.

"गाणाऱ्याचं लिहा, साहेब. तंबोरेवाल्याचं नाव रेकॉर्डीवर घालायची पद्धत नाही."